अ श्रेणीचं पाळणाघर

अमरावती रोडवरच्या वाडीत राहणाऱ्या प्रेमानंद आणि भैरवी या दांपत्यापुढे एकच प्रश्न होता. पंधरा दिवसांनी भैरवीची रजा संपणार होती. चौदा महिन्यांच्या पिंकीला दिवसभर कुठे ठेवायचं?

उत्तर दोन गल्ल्या सोडून होतं. ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे, दोन खोल्यांत, जिजाबाई सतरा वर्षांपासून पाळणाघर चालवत होत्या. तिथे सध्या आठ मुलं होती. पिंकी जिजाबाईंच्या मांडीवर जाऊन बसली, ती आईकडे वळूनही बघेना. भैरवीला थोडं लागलं, पण जीवही भांड्यात पडला.

प्रेमानंद मात्र जबाबदार नागरिक होता. मिक्सर घेण्यापूर्वीही त्याने दोनशे लोकांचे अभिप्राय वाचले होते. त्याने विचारलं, "लायसन आहे का बाई?"

"पोट्टे सांभाळाचं लायसन?" जिजाबाई हसल्या. "आजवर कोनी मांगतलंच नाही जी. माया चेहरा पाहून ठेवून जाते लोकं."

चेहरा हा ग्राह्य पुरावा नसल्यामुळे प्रेमानंद संबंधित कार्यालयात गेला. या पाळणाघराचं रेकॉर्ड कसं आहे, असं त्याने नम्रपणे विचारलं.

"संगणकात 'चौकशी' असा पर्याय नाही," लिपिक म्हणाला. "'तक्रार' आहे."

"पण माझी काही तक्रार नाही."

"तक्रारीशिवाय नोंद तयार होत नाही, आणि नोंद तयार झाल्याशिवाय ती स्वच्छ आहे की नाही हे सांगता येत नाही. इथे सही करा."

जिजाबाईंचं रेकॉर्ड स्वच्छ आहे हे सिद्ध व्हावं, या शुद्ध हेतूने प्रेमानंदने त्यांच्याविरुद्ध तक्रार नोंदवली.

चौथ्या दिवशी तपासणी अधिकारी पुष्पलता मॅडम चौसष्ट मुद्द्यांचा तक्ता घेऊन आल्या. आठ मुलांमागे सहाच चमचे निघाले. जिजाबाई हाताने भरवतात, हे त्यांनी 'इतर त्रुटी' या सदरात नोंदवलं. एक मूल जिजाबाईंच्या कडेवर होतं. मॅडमनी टेप लावून पाहिली.

"जमिनीपासून तीन फूट उंची. नियमाप्रमाणे कठडा पाहिजे. आहे का?"

"हात हाये ना माया," जिजाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात एक छोटी रांगत आली आणि मॅडमच्याच मांडीवर झोपली. तिला उठवायचं मॅडमच्या जिवावर आलं. तासभर हललेही नाहीत त्यांचे पाय. मुलीला जाग येऊ नये म्हणून पेनाचाही आवाज न करता त्यांनी अहवाल पूर्ण केला: अपात्र. त्रुटी दूर होईपर्यंत मुलं ठेवू नयेत.

सोमवारी सकाळी आठ वाजता प्रेमानंदचं दार वाजलं. बाहेर आठ आया उभ्या होत्या, प्रत्येकीच्या हाताला एकेक मूल. पुढे होत्या कळमन्याच्या बाजारात कामाला जाणाऱ्या कुसुमताई.

"तक्रार तुमीच केली ना भाऊ? मंग आता पोट्टेबी तुमीच सांभाळा. मले उशीर होऊन राहिला."

प्रेमानंदने आशेने बायकोकडे पाहिलं. भैरवीची रजा संपली होती, ती चपला घालत होती. "करा आता मूल्यमापन," ती म्हणाली आणि बस पकडायला निघून गेली.

तीन दिवस नऊ मुलं आळीपाळीने रडली. चौथ्या दिवशी त्यांनी एकदमच सुरुवात केली. बाकीची शेजाऱ्यांच्या गळ्यात घालून प्रेमानंद दोघांना कडेवर घेऊन कार्यालयात पोचला.

"मला तक्रार मागे घ्यायची आहे. घरी नऊ मुलं सांभाळतोय मी."

"मागे घेण्याचा पर्याय नाही," लिपिक म्हणाला. "पण तुमच्याकडे नऊ मुलं आहेत म्हणता. म्हणजे विनापरवाना पाळणाघर."

दुसऱ्याच दिवशी पुष्पलता मॅडम तक्ता घेऊन प्रेमानंदच्या घरी हजर झाल्या. लग्नात आहेरात आलेले चोवीस चमचे निघाले. गॅलरीला जाळी होती. गोदामातून आणलेलं अग्निशामक यंत्र भिंतीला टांगलेलं होतं. कडेवर एकही मूल नव्हतं, कारण सगळी जमिनीवर लोळून टाहो फोडत होती. रडण्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता. चौसष्टपैकी चौसष्ट गुण मिळाले.

"आयुष्यात पहिल्यांदाच अ श्रेणी दिली," कान झाकत मॅडम म्हणाल्या.

त्या संध्याकाळी प्रेमानंद जिजाबाईंच्या दारात हात जोडून उभा राहिला.

"येतो मी," त्या म्हणाल्या. "लेकरांचे हाल होऊन राहिले. पन माया घरी काहून नाही चालत अन् तुमच्या घरी काहून चालते, हे समजावून सांगा मले."

प्रेमानंदने अ श्रेणीचा तक्ता पुढे केला. जिजाबाई तरीही आल्या, आणि अर्ध्या तासात घर शांत झालं. प्रेमानंदच्या नावे आलेला परवाना चौकट करून दारासमोर लागला. मग अमरावती रोडभर नाव पसरलं. प्रतीक्षायादी चाळीसवर गेली.

परवा तुम्हीही आपल्या बाळासाठी चौकशीला येऊन गेलात. परवान्याचे दोन फोटो काढलेत, एक तुमच्या आईला पाठवलात. मांडीवर दोन मुलं झोपवत बसलेल्या एक बाई तुम्हाला "बसा जी" म्हणाल्या. तुम्ही त्यांच्या डोक्यावरून आत बघत विचारलंत, "इथे जबाबदार माणूस कोण आहे?"