तालमीच्या मातीतली मेथी

दोष दादांचा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा दोष शेवटी सांगू म्हटलं, की तोवर ते माणूस देवासारखं पवित्र होऊन बसतं आणि खापर तरुण पोराच्या डोक्यावर फुटतं.

दादा म्हणजे नृसिंहचे थोरले चुलते. संस्थान होतं तोवर दादा दप्तरात कारकून होते. संस्थान गेलं, दप्तर गेलं, पण दादांची हुकूम सोडायची सवय काही गेली नाही. सोडायला समोर माणूस एकच उरला होता, तो म्हणजे नृसिंह. "बी. ए. होऊन कोण मोठा झालाय?" असं म्हणून दादांनीच त्याला इंटरनंतर कॉलेजातून काढून शाहूपुरीत एका गुळाच्या अडतीवर चिकटवला होता. (दादा स्वतः मॅट्रिकला तीनदा बसले होते. त्याबद्दल ते कधी बोलत नसत.) चोविसाव्या वर्षी नृसिंहच्या अंगाला गुळाचा वास होता, मनात राग होता, आणि दादांच्या समोर तोंडातून एकच शब्द निघायचा: "बरं."

सुरुवात साधीच झाली. नृसिंहच्या बायकोला, विमलाला, पाचवा महिना लागला. डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि म्हणाल्या, "रक्त कुठाय हिच्या अंगात? रोज ताजी पालेभाजी खाऊ घाला. महिन्यानं परत आणा. फरक दिसला नाही तर माहेरी पाठवा हिला, आईजवळ राहू दे बाळंत होईपर्यंत."

विमलाचं माहेर आजऱ्याचं. लग्नाला वर्ष झालं होतं. पहिलं बाळंतपण, म्हणजे आठव्यात ती जाणारच होती, पण महिन्यानंच गेली तर मधले दोन महिनेही गेले. आणि नृसिंहला खरी भीती वेगळीच होती. त्याची आई अशीच रक्त कमी पडून गेली होती, तो चार दिवसांचा असताना. घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे. पापणी ओढलेली बघितल्यावर त्याला मात्र तेच आठवलं.

घरी येता येता तो म्हणाला, "घरामागच्या परड्यात मेथी लावायची. आपल्या आडाचं पाणी, आपल्या डोळ्यासमोरची भाजी."

"लावू की," विमला खूश झाली. "आमच्या घरी मीच लावत होते. शेणखत आणा दोन पाट्या, चुलीतली राख आहेच, पालापाचोळा कुजवू. महिन्यात भाजी हातात."

इथवर सगळं ठीक होतं. पण घरात शिरल्या शिरल्या नृसिंहनं ते दादांना सांगितलं. हा त्याचा गाढवपणा.

"शेण?" दादांनी चष्मा वर केला. "माझ्या घरात शेण टाकून पिकवलेलं मी खाऊ? खत कशाला हवं? मुळात माती बघावी. कोल्हापुरात सगळ्यात कसदार माती कुठली?"

"कुठली?"

"तालमीतली! हौदातली! अरे, त्या मातीत ताक असतं, हळद असते, लिंबू असतं, तेल असतं. काडीएवढं पोरगं त्या मातीत लोळतं आणि वर्षात खांबाएवढं होतं. मग मेथीचं काय होईल, विचार कर."

विमला दाराआडून हळूच म्हणाली, "दादा, पण तेल घातलेल्या मातीत बी रुजतं का?"

"सूनबाई, तुम्ही आजऱ्याच्या. तिथं कुठं तालमी?"

नृसिंह म्हणाला, "बरं."

कुस्तीच्या हौदातली माती दरवर्षी बदलतात, आणि त्याच आठवड्यात पेठेतल्या तालमीची बदलायची होती. तिसऱ्या दिवशी दोन बैलगाड्या भरून लाल माती दारात आली. पुढं जोतीराम वस्ताद, मागं कृष्णात पैलवान. दार अडेल एवढा एकेक. गाड्या रिकाम्या झाल्या. परडं एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत लाल झालं. वस्तादांनी नारळ फोडला, माती कपाळाला लावली आणि नृसिंहच्या दंडाकडं बघितलं.

"ह्यो व्हय?" ते दादांना म्हणाले. मग म्हणाले, "असू द्या. माती घडवती. पर ध्यानात ठेवा पावणं, ही आई हाय. पायतान घालून यायचं न्हाय. थुकायचं न्हाय. शेणाबिणाचा हात लावायचा न्हाय. आन् बाईमाणसाचा पाय पडता कामा न्हाय."

वस्ताद गेल्यावर नृसिंहनं विचारलं, "दादा, माती घडवती म्हणजे? कुणाला?"

"तुला," दादा शांतपणे म्हणाले. "भाजीला माती द्या म्हटलं असतं तर दिली असती का त्यांनी? तू कुस्ती धरणार म्हणून मागितली."

"मी?"

"नुसतं म्हणायचं रे. कोण बघायला येतंय?"

कृष्णात आला. दुसऱ्याच दिवशी पहाटे, खोरं घेऊन. हौदातली माती रोज उकरून भुसभुशीत करावी लागते, आणि वस्तादांनी नव्या पैलवानाची जबाबदारी त्याच्यावर टाकली होती. त्यानं माती उकरली, नृसिंहला लंगोट लावायला सांगितलं आणि पन्नास जोर काढायला लावले. (नृसिंहनं अकरा काढले. बाराव्याला तो खाली गेला आणि वर आलाच नाही.) अडतीवर त्या दिवशी त्याला लेखणी धरवेना.

कृष्णात गेला की नृसिंह गुपचूप मेथी पेरायचा. पाणी घातलं की ते तेलकट मातीवर मोत्यासारखं गोल होऊन घरंगळायचं. तरी चौथ्या दिवशी, खोरं न पोचलेल्या एका कोपऱ्यात, कुठं चार पिवळे कोंब वर आले. पाचव्या दिवशी कृष्णातनं ते खोऱ्यानं उलटे केले.

"अरे, अरे, काय केलंस?"

"गवात उगवलंतं, काढून टाकलं की!" कृष्णात म्हणाला. "तुमी जोर काढा."

असं तीनदा झालं.

आणि विमला उंबऱ्यावर उभी. घरात भाजीतलं कळणारं माणूस एकच, आणि परड्यात यायची बंदी त्याच माणसाला. धुणं वाळत घालायची दोरी परड्यात, आड परड्यात, तुळस परड्यात. म्हणजे पाणी नृसिंहनं काढायचं, तुळशीला नृसिंहनं घालायचं, लुगडी नृसिंहनं वाळत घालायची. शेजारच्या विठाबाई भिंतीवरनं डोकावून सांगायच्या, "नृसिंहराव, पदर वर आला की ओ! काठ खाली घ्या, काठ!" दादा खुर्ची टाकून हे सगळं बघत बसायचे आणि वर म्हणायचे, "व्यायामानं बरा दिसायला लागलाय पोरगा."

पंधरा दिवस गेले. रोज संध्याकाळी विमला उंबऱ्यावरनं मान उंच करून विचारायची, "काही दिसतंय का हो?"

पंधराव्या दिवशी नृसिंहच्या तोंडून निघून गेलं, "दिसतंय की. उद्या काढू."

दुसऱ्या दिवशी कृष्णात गेल्या गेल्या तो सायकल मारत कपिलतीर्थाच्या बाजारात गेला. गडमुडशिंगीची तानाबाई तिथं भाजी घेऊन बसायची. मेथी मुळासकट, ताजी, पानावर दंव. घरी येऊन त्यानं जुडी सोडली आणि एकेक काडी लाल मातीत ओळीनं खोचली. मग मोठ्यानं हाक मारली, "विमल, बघ!" आणि तिच्या देखत एकेक काडी उपटली. उपटताना जरा जोर लावल्यासारखं केलं, दातओठ खाल्ले. वाकून वाकून कंबर धरली होती, तेवढं एक मात्र खरं होतं.

विमलानं जुडी हातात घेतली. मुळं बघितली. नृसिंहकडं बघितलं. लसूण घालून भाजी केली, भाकरीशी पोटभर खाल्ली.

मग ते रोजचंच झालं. तानाबाई म्हणायची, "रोज मेथी? घरात म्हस बांधलीया का काय?" कधी मेथी, कधी पोकळा, कधी राजगिरा. दादा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "मातीचा प्रताप!" एका मातीतून रोज वेगळी भाजी हातभर वाढून येते, ह्याचं त्यांना नवल वाटलं नाही. आपलंच म्हणणं खरं ठरत असलं की त्या पिढीला कशाचंच नवल वाटत नाही.

डॉक्टरीणबाईंकडं जायच्या दोन दिवस आधी, सकाळी, नृसिंह शेवटची काडी खोचत असताना परड्याचं मागचं दार उघडलं आणि जोतीराम वस्ताद आत आले. मागं कृष्णात.

वस्तादांनी ओळीत उभी राहिलेली मेथी बघितली.

"आईच्या अंगावर ह्ये काय खोवलंय?"

नृसिंहनं हातातली काडी पाठीमागं लपवली. आवाज ऐकून बाहेर खुर्चीवर येऊन बसलेल्या दादांकडं त्यानं बघितलं. दादांनी पेपर वर उचलला.

"दादा, ह्ये काय म्हनायचं? कुस्तीसाठनं माती नेली का भाजीसाठनं?"

पेपराआडून आवाज आला, "मला काय विचारता? आजकालची पोरं सांगतात एक, करतात एक."

चोवीस वर्षं "बरं" म्हणून गिळलेलं सगळं घशापर्यंत आलं. पण दादांना बोलायचं तर विमलासमोर मेथीचंही बोलावं लागणार होतं. ती उंबऱ्यावर उभीच होती. तो खाली मातीकडं बघत म्हणाला, "भाजीसाठी. हिच्या अंगात रक्त नाही म्हणून. पण ह्यात काहीच उगवलं नाही, वस्ताद. ही मेथी बाजारातली आहे. रोज आणून खोचत होतो. विमल, मी तुला फसवलं."

"मला कुठं फसवलंत?" विमला म्हणाली. "पहिल्याच दिवशी कळलं की. लाल मातीतनं उपटलेल्या मेथीच्या मुळाला काळी माती कशी लागेल?"

"मग बोलली का नाहीस?"

"रोज दहा दहा मिनिटं वाकून खोचत होता. ती भाजी कशी नको म्हणू?"

कृष्णातनं नाक ओढलं. वस्ताद मात्र विरघळले नव्हते. "पोरी, ते झालं तुमच्या घरातलं. पर मातीचा इमान मोडला—"

आणि विमलानं उंबऱ्यावरनं पाय खाली टाकला. सरळ लाल मातीत. मग दुसरा. दादांच्या हातातला पेपर पडला. कृष्णात "आवं वैनी!" म्हणून दोन पावलं मागं सरला.

ती मातीत उभी राहिली आणि पदर सावरून म्हणाली, "वस्ताद, बाईमाणसानं यायचं नाही, कबूल. पण पैलवानानं यायचं ना? पैलवान पोटात आहे. त्याला अजून चालता येत नाही, म्हणून मी उचलून आणलाय. घालवता का बाहेर?"

विठाबाई भिंतीवर लटकलेल्या, त्यांनी पदर तोंडाला लावला.

वस्तादांनी मिशीवर हात फिरवला. तो हात बराच वेळ तिथंच राहिला, कारण त्याखाली ओठ हसू दाबत होते. शेवटी ते वाकले, चिमूटभर माती घेतली आणि विमलाच्या कपाळाला लावली.

"पैलवानाला कोन घालवनार? आन् पैलवानीन आली तर?"

"तर तिलाही घेऊन येईन."

"आन की," वस्ताद म्हणाले. मग नृसिंहकडं वळले. "माती आमी परत नेतो. पर हिच्यावर नाव तुझं घेतलंय. एक तरी कुस्ती झाल्याबिगर ती उठायची न्हाय. रविवारी, कृष्णातशी."

शनिवारी डॉक्टरीणबाईंनी पापणी ओढली. "आता बरी लाली आहे. राहू दे इथंच. घरचीच भाजी होती ना?"

"हो," विमला म्हणाली. "ह्यांनी रोज परड्यातनंच उपटून दिली."

रविवारी परड्याच्या भिंतीवर अर्धी पेठ बसली होती. वस्तादांनी कृष्णातच्या कानात सांगितलं, "दमानं धर. बाप व्हायचाय त्यो." कृष्णातनं दमानंच धरलं. गुळाची ढेप उचलावी तसं उचललं आणि तान्हं पोर पाळण्यात ठेवावं तसं पाठीवर ठेवलं. कुस्ती संपली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. विमला उंबऱ्यावरनं हसत होती, आणि नृसिंहला वाटलं, अजून चालूच आहे. तो उठला, डोकं खाली घालून धावला. कृष्णात तेवढ्यात मातीला नमस्कार करायला वाकला होता. नृसिंह त्याच्या पाठीवरनं गेला तो थेट भिंतीवर.

माती गेली. वस्तादांनी तालमीच्या म्हशींचं शेण चार पाट्या पाठवलं, विमलानं राख मिसळून वाफे केले, आणि आठव्यात आजऱ्याला जाईपर्यंत रोज स्वतः लावलेली मेथी खाल्ली. दादा आजही पेठेत सांगतात, सूनबाईचं रक्त तालमीच्या मातीनं भरलं.

नृसिंहचे समोरचे वरचे दोन दात गेले.