सासऱ्यांच्या तंबाखूची नक्कल

माझी जीभ म्हणजे अख्ख्या अपिंग्टन गावातला सगळ्यात अचूक तराजू, असं मी सासरवाडीसमोर छाती ठोकून सांगितलं. तिथेच मेलो!

माझे सासरे, पा सारेल, चाळीस वर्षं इंजिनासारखा धूर सोडायचे. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता एक जरी सिगारेट ओढलीत, तर पुढची भेट शवागारात!" तेव्हा मीच त्यांच्या हातात वेप दिला आणि त्यात भरायचा द्रवही घरी बनवला. पाइपच्या तंबाखूचा एकच अर्क, बस्स. दोन वर्षं म्हातारा शांत होता. आणि गेल्या सोमवारी कंपनीने तो अर्कच बंद केला! स्ट्रॉबेरी आइस्क्रीमचे सतरा प्रकार चालू, म्हाताऱ्यांचा एक तंबाखू तेवढा परवडेना. हरामखोर लेकाचे!

"पांची बाटली शनिवारी संपणार," बायको, मार्लीझ, म्हणाली. "खरं काय ते सांगून टाक."

"कशाला? दुसऱ्या अर्कांतून तीच चव उभी करतो."

"आणि नाही जमलं तर?"

"जीभ आहे की!"

पा दाराशीच उभे होते. दुपारी जाऊन सिगारेटचं कोरं पाकीट आणलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. "रविवारी ब्रायला, निखाऱ्यावर मांस भाजताना बघू, जावईबापू. चव चुकली, तर त्याच निखाऱ्यावर सिगारेट पेटवतो!"

हा माणूस मेला, तर खुनी मी!

नऊ अर्क आणले. दिवसभर ओढत होतो. एक ओल्या कुत्र्यासारखा, एक जळक्या मनुकांसारखा, एक चर्चमधल्या जुन्या बाकासारखा. बुधवारपासून सगळेच मिळमिळीत लागायला लागले. मग काय, ओतत गेलो! एरवी थेंबन्‌थेंब तोलणारा मी, तराजू बाजूला सारून ओतत गेलो. थोडा कुत्रा, बराच बाक, मूठभर मनुका, परत कुत्रा.

शनिवारी न्याहारीला सासूबाईंची जाळ मिरचीची चटणी मी जॅमसारखी चाटली आणि काहीच लागलं नाही!

"अरे, डोळ्यांतून पाणी वाहतंय तुझ्या!" सासूबाई ओरडल्या.

तेव्हा कुठे उजेड पडला. फार चाखलं की जीभ बधिर होते, हे आम्हा द्रव बनवणाऱ्यांतलं कालचं पोरही सांगेल. अर्क ठीक होते, मेली होती माझी जीभ! आता नव्याने बनवायला वेळ नाही. द्रव मुरायला तीन आठवडे लागतात. माझ्याकडे एक दिवस. लवकर मुरावी म्हणून होती तीच बाटली उन्हात तापलेल्या गाडीत, काचेखाली ठेवली. संध्याकाळी बाहेर काढली, तर इंजिनातलं काळं तेल!

रविवारी पांनी चिमटा खाली ठेवला, वेप भरला आणि एक लांब झुरका घेतला. निखाऱ्यावर चरबी तडतडत होती. पांचा चेहरा लाल, मग जांभळा. हात खिशाकडे गेला. पाकीट निघालं.

पांनी पाकीट निखाऱ्यात फेकलं!

"अरे, जुना काय झक मारतो याच्यापुढे!" त्यांनी मला मिठीच मारली. "मोठी बरणीभर बनव. मरेपर्यंत हाच ओढणार, दुसरं काही दिलंस तर सरळ सिगारेट! कृती लिहून ठेवलीयस ना?"

"म्हणजे काय, पा! कागदावर आहे."

आहे, खरंच आहे. कागदावर सोमवारची तारीख आहे, खाली रेघसुद्धा मारलीय. त्याखाली मात्र काही नाही.