संक्रमणाचा तिळगूळ

एका जंगलात, बाळांनो, वीज होती, वाटांवर दिवे होते, फक्त आकाश दिसत नव्हतं. वीज करणाऱ्या कोळशाच्या धुराड्याने ते झाकून टाकलं होतं.

धुराड्याच्या पायथ्याशी धुरपदा नावाची घूस राहायची. तिची थोरली पिल्लं खोकून खोकून गेली होती. धाकटं तरी जगावं, एवढंच तिचं मागणं होतं.

एकदा सिंहमहाराज शेजारच्या जंगलांच्या परिषदेला गेले. तिथे सगळे म्हणाले तेच तेही म्हणाले, "आम्ही ऊर्जासंक्रमण करू!" टाळ्या पडल्या. महाराज खुशीत परतले आणि प्रधान तरसाला म्हणाले, "संक्रमण उरकून टाका. पण ते असतं काय?"

तरसाला लाज नव्हती, म्हणून उत्तर तयार होतं. "सूर्याचं संक्रमण म्हणजे संक्रांत, महाराज. दरवर्षी करतोच की आपण!"

दरबाराचा जीव भांड्यात पडला. कोळसा सोडायचा नव्हता, नुसता हलवा करायचा होता.

मग काय विचारता! मोठा मांडव उभा राहिला. महाराणींनी वाण म्हणून सौर दिवे लुटले. धुरपदालाही एक मिळाला. तिने तो बिळावर ठेवला. त्यावर काजळी बसली. तिने पुसला, पुन्हा बसली. दिवा लागेना आणि पिल्लाचा खोकला थांबेना.

शेवटी ती पिल्लाला पोटाशी धरून मांडवात गेली.

"म्हाराज, ऊन पडंल तर दिवा लागंल. त्ये धुराडं बंद करा. लेकराला श्वास घेववंना."

"तिळगूळ घे," तरस म्हणाला, "आणि गोड बोल."

"अवो, पोर काळं पडलंय बघा!"

"संक्रांतीला काळंच शोभतं, बाई!"

दरबार खो खो हसला. असले निलाजरे तुम्ही कुठे पाहिले नसतील.

पुढच्या वर्षी सोहळा आणखी मोठा ठरला. रोषणाईला वीज पुरेना, म्हणून दुसऱ्या धुराड्याचा नारळ फुटला. त्यासाठी जागा निवडली ती धुरपदाच्या बिळाची. तोवर ती एकटीच उरली होती.

राजज्योतिषी पोपटाने पंचांग उघडून सांगितलं, "यंदा संक्रांत हत्तीवर बसून आली आहे."

"न्हाई, म्हाराज," धुरपदा म्हणाली, "माझ्या घरावर बसून आलीया."

तात्पर्य : बाळांनो, नेहमी गोडच बोलावं. खरं बोलायला छातीत दम लागतो, आणि तो राज्याच्या प्रगतीच्या कामी आलेला असतो.