दौलतभाऊंचा काटा

दौलतभाऊंनी माझी ओली साडी पहिल्यांदा तोलली, तेव्हा आम्हाला भद्रावतीच्या कारखाना वसाहतीत राहायला येऊन पुरता आठवडाही झाला नव्हता. मी बादलीतलं धुणं दोरीवर टाकत होते. दोन क्वार्टरांच्या मधल्या बुटक्या भिंतीवरून एक हात आला, त्यानं न पिळलेली साडी उचलली आणि मासे तोलायच्या स्प्रिंगच्या काट्याला लटकवली.

"बापा," भिंतीपलीकडून आवाज आला, "इतकं वजन अंगावर घेऊन फिरता जी तुम्ही?"

आता मला सांगा, शेजारणीशी ओळख करून घ्यायची ही रीत झाली? मी हे यांना सांगितलं, तर हे हसत बसले. यांचं काय जातं हसायला, साडी माझी होती.

दौलतभाऊ मूळचे ब्रह्मपुरीकडचे, वैनगंगेकाठच्या ढिवर घरातले. पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. ते मात्र कारखान्याच्या गोदामात लागले आणि वसाहतीत एकटेच राहत. लग्न का केलं नाही विचारलं, तर "राह्यलं," एवढंच. गावाकडून आणलेली एकच वस्तू, तो काटा. तो ओट्यावर टांगलेला असायचा आणि वसाहतीतली कुठलीही ओली वस्तू त्याच्या तावडीतून सुटायची नाही. यांची जीन्स तोलून झाली, उशांचे अभ्रे झाले, एकदा तर माझ्या सासूबाईंचं सोवळं. त्यानंतर सासूबाईंची समजूत घालता घालता माझ्या नाकी नऊ आले.

"सुकं सगळंच हलकं असते, बाई. ओलं करून पाहा," हे त्यांचं पालुपद. कपड्यांपुरतं असतं तर चाललं असतं. कुणाच्या मुलीला स्थळ आलं, तरी हेच. निवडणुकीला कोण उभं राहिलं, तरी हेच.

एकदा वसाहतीची सहल वाघ बघायला मोहर्लीच्या जंगलात गेली. सगळ्यांचे डोळे झाडीकडे, दौलतभाऊंचे बायकांच्या साड्यांकडे. तलावात नावेनं फिरायची वेळ आली तर ते काठावर आडवे उभे. "कासोटा मारल्याबिगर कोनी बसायचं नाई." मोठ्या साहेबांच्या बायकोला म्हणाले हो हे! ती बाई लालबुंद होऊन बसमध्ये जाऊन बसली. शेवटी कुणीच नावेत बसलं नाही, वाघही दिसला नाही, आणि परतताना सगळे माझ्याकडे बघत होते. शेजारी माझे ना.

पण माणूस पाण्यात उतरला की बघत राहावं. वसाहतीच्या पोहण्याच्या तलावावर संध्याकाळी ते मुलांना फुकट शिकवत. माझी प्राची त्यांच्याच हाताखाली तयार झाली. तिथंही कपड्यांवरून भांडण होतंच. मुलींच्या आयांनी पोशाखाखाली लेगिंग घालून पाठवलं की ते पोरींना काठावरच बसवून ठेवत. आया चिडायच्या, दौलतभाऊ ढिम्म. "पोहनं अंगात लागते, अंगावर नाई."

मग दोन हजार आठ साल आलं. ऑलिम्पिकात पोहण्याचे विक्रम धडाधड पडले आणि त्यामागं एका नव्या जातीचा पोशाख आहे, असं पेपरात छापून येऊ लागलं. माझा भाऊ तेव्हा कंपनीच्या कामानं सिंगापूरला होता. भाचीची जिल्ह्याची स्पर्धा आहे म्हटल्यावर त्यानं तसलाच एक धाडून दिला. काळा, गुळगुळीत, गुडघ्यापर्यंत येणारा. घालायला अर्धा तास आणि दोन माणसं लागत. नख लागलं तर फाटेल, आणि थोड्याच शर्यतींत त्याचा जोर संपेल, असंही भावानं बजावलं होतं.

घरात दोन तट पडले. हे म्हणाले, "जिचा मामा परदेशात, तीच पोरगी पुढं, ही कसली स्पर्धा?" मामा माझ्या माहेरचा, म्हणून हे तत्त्वज्ञान. यांच्या भावानं पाठवला असता तर गुपचूप घालू दिला असता. मी म्हटलं, इतरांना मिळत नाही म्हणून माझ्या मुलीनं मागं राहायचं का? प्राचीला दोन्ही पटत होतं, म्हणून ती बोलत नव्हती.

दौलतभाऊ माझ्या विरोधात जाणार, हे मी धरूनच चालले होते. त्यांनी पोशाख घेतला आणि थेट बादलीत बुडवला. तो वर आला. पुन्हा दाबला, पुन्हा वर आला. मग काट्याला लावला. काटा जेमतेम हलला. दौलतभाऊ कितीतरी वेळ त्या काट्याकडे बघत राहिले.

"हे पानीच पीत नाई, बाई," ते हळूच म्हणाले.

त्या दिवसापासून माणूस पार फिरला. यांच्याशी वाद घालायला रोज हजर. "साहेब, जे कापड बुडवत नाई, ते वाईट कसं जी?" एकच गोष्ट त्यांना खात होती. इतकं चांगलं कापड, आणि टिकत नाही?

स्पर्धेच्या दोन दिवस आधी ते पोशाख मागायला आले. "जरा मजबूत करून देतो. सकाळी आनतो." आणि मी दिला. का दिला, ते मला विचारू नका.

सकाळी त्यांनी भिंतीवरून जे माझ्या हातात ठेवलं, ते बघून मी कपाळावर हात मारला. काळ्याचं तपकिरी झालेलं, आक्रसलेलं, कडक. प्राचीच्या बाहुलीला कदाचित बसलं असतं.

"काय केलंत हे, भाऊ?"

"नवीन जाळं आनलं का पहिले ऐनाच्या झाडाच्या सालीत शिजवतेत, बाई. मंग ते सडत नाई. रातभर चुलीवर होतं. आता जलमभर जाते." बोलता बोलता त्यांनी माझ्या हातातल्या वस्तूकडे नीट पाहिलं. "जरासं आटलं वाटते," ते म्हणाले.

करायला गेले गणपती आणि झालं माकड. मी काय काय बोलले ते लिहीत नाही. सासूबाई सुद्धा म्हणाल्या, पुरे आता.

चंद्रपूरला प्राची जुन्याच पोशाखात उतरली. पहिल्या दोघी पुढच्या फेरीला नागपूरला जाणार होत्या. प्राची तिसरी आली. हातभर अंतरानं. मी गाडीत रडले. प्राची म्हणाली, "आई, मी वळताना चुकले. पोशाखाचं काही नाही." असेल. पण तो अंगावर असता तर हातभर मिळालं नसतं का? हे आजही कुणी मला सांगू शकत नाही, आणि म्हणूनच तो राग जात नाही.

मी दौलतभाऊंशी बोलणं टाकलं. धुण्याची दोरी काढून मागच्या अंगणात बांधली, त्यांचा हात पोचणार नाही अशी. प्राची मात्र त्यांच्याकडेच पोहायला जात राहिली. मुलांना काही अभिमान म्हणून नसतो.

पुढच्या वर्षी पेपरात आलं, ते पोशाख शर्यतींतून बंद करणार. मी बातमी ओट्यावर उभी राहून मोठ्यानं वाचली. हे आत होते. मी कुणासाठी वाचत होते ते उघड आहे. दौलतभाऊ भिंतीशी आले.

"काऊन बंद करून राह्यले?"

"माणसाला तरंगवतो म्हणे. पोहणाऱ्याचं कसब राहत नाही."

"तरंगवते म्हनून बंद?" ते भिंतीला टेकले. "शर्यतीत नोको, बरोबर हाय. तुमचे साहेब म्हनत होते ते खरंच हाय. पन बनवनंच बंद करतीन का जी? आमच्या इकडं नदी पार कराले डोंग्यात बाया बसतेत, लुगडं नेसून. त्यायच्यासाठी तं बनवा."

वर्षभरानं आमचं हे पहिलं बोलणं.

"माही बहीन होती, कौसा," ते म्हणाले. "नदीत माह्याहून चांगली पोहे. पलीकडच्या गावाले लगनाले चाललो होतो, डोंगा कलला. आमी सारे पोहून निंगालो. तिनं नवं लुगडं नेसलं होतं. मी धरली होती तिले, बाई. पन वजन काई उचलेना." त्यांनी ओट्यावरच्या काट्याकडे पाहिलं. "दुसऱ्या दिवशी मिळाली. मंग मी ते लुगडं तोललं. बाबाचाच काटा हाय हा. लगनाच्या आदल्या दिवशी दुकानात तिनं ते एका बोटावर उचलून दाखवलं होतं मले."

मग ते आत गेले. मीही आत आले, आणि स्वयंपाकघरात उगाच भांडी आवरत राहिले.

राग गेला असं समजू नका. पोशाख गेला तो गेलाच, आणि नागपूरही गेलं. पण सकाळी धुणं झाल्यावर मी माझी साडी न पिळता तशीच उचलली, सगळ्या अंगणभर पाणी सांडत पुढं आणली आणि भिंतीवर ठेवली.

"घ्या, तोला," मी म्हटलं.

दौलतभाऊंनी ती काट्याला लावली आणि काटा थांबेपर्यंत वाट पाहिली.

"जड हाय, बाई. नदीवर जाल तं ही नेसू नोका."

"नाही नेसणार, भाऊ."