एक बिबट्या, दोन घरं

थापा मारण्यात माझा हात धरणारा माणूस बोरीवली पूर्वेत अजून जन्माला यायचाय! फुशारकी नाही ही. नोकरीत असताना मी साहेबाला पटवलं होतं की माझ्या आजोबांना एकाच आठवड्यात दोनदा अग्नी द्यावा लागला. पहिल्या वेळी लाकडं ओली निघाली म्हणून! साहेबाने दोन्ही वेळा रजा दिली, वर दुसऱ्या वेळी डोळे पुसले.

असा हा मी, मधुकर. मी ठरवलं की भाड्याचं घर शोधायचं, तर ते काय अवघड?

आमची चंद्रकोर सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली. बिल्डर म्हणाला, तीन वर्षं बाहेर राहा, मग नव्या टॉवरमध्ये या. सगळी सोसायटी एकदम घर शोधायला निघाली म्हणजे काय होतं, कल्पना आहे? मुंग्यांच्या वारुळात कुणी बादलीभर पाणी ओतावं तसं! आणि प्रत्येकाला घर हवं ते याच गल्लीत. तोच डॉक्टर, तोच भाजीवाला, तोच कट्टा. त्यात घर सापडलं की बोलायचं नाही, नाहीतर शेजारी आधी जाऊन टोकन देऊन येतो! त्यामुळे घर बघायला निघालेला माणूस दळणाचा डबा घेऊन निघायचा. आमच्या खालच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी तेच पाच किलो गहू इतके दिवस हिंडवले, की शेवटी ते गहू आपापले चालायला लागले!

माझ्या कुंदाची मात्र एकच अट.

"घर कसलंही बघा," ती म्हणाली. "पाणी कमी आलं तरी चालेल, ऊन नसलं तरी चालेल. पण भिंतीपलीकडे शेवंती हवी."

शेवंती म्हणजे आमच्या शेजारच्या लवूची बायको. लवू मालवणचा. आधी गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर मरोळच्या एका कारखान्यात. आमची आणि त्यांची स्वयंपाकघराची भिंत एक. सकाळी इकडून कुंदाने वाटी आपटली की तिकडून विरजण यायचं. तिकडून लाटणं वाजलं की इकडून कढीपत्ता जायचा. कुंदाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिला आंघोळ घालायला शेवंती होती. आणि शेवंतीची निधी लग्न होऊन मुलुंडला गेली तेव्हा ही बाई मांडवात हसली, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या घरात येऊन दार लावून कुंदाच्या मांडीवर रडली.

"अगं, तीन वर्षांचा तर प्रश्न आहे," मी म्हटलं.

"आपल्या वयात तीन वर्षं म्हणजे तीन वर्षं नसतात हो," कुंदा हळूच म्हणाली. "परत येऊ तेव्हा कोण कुठल्या भिंतीपलीकडे असेल, कुणी सांगावं?"

यावर माझ्याकडे थाप नव्हती.

मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभा राहिलो आणि छाती काढून म्हणालो, "लवूने काळजी करू नये! लवूचं घर मी शोधणार. माझ्या शेजारी!"

लवू ताडकन उठला. "तू? माझा घर तू शोधतलंस? अरे, तुका तुझो चष्मो गावत नाय! तुझा घर मी शोधतलंय!"

चष्मा माझ्या कपाळावर होता, ही गोष्ट वेगळी. पण सगळी मीटिंग हसली. झालं! त्या दिवसापासून आम्ही दोघांनी घराबद्दल एकमेकांना अक्षर सांगायचं नाही असं ठरवलं. बायकांनाही नाही. ती भिंत म्हणजे चाळण होती!

तर आमचा ब्रोकर राजेश मला एक दिवस 'वनश्री' नावाच्या बिल्डिंगमध्ये घेऊन गेला. अहाहा! तळमजला, लिफ्टची कटकट नाही. शेजारी शेजारी दोन रिकामी घरं, मालकीण एकच. आणि स्वयंपाकघराला स्वयंपाकघर लागून! मागे थोडी मोकळी जागा, पुढे कंपाउंडची भिंत, आणि भिंतीपलीकडे सरळ नॅशनल पार्कची झाडं.

"दोन्ही घेतो!" मी म्हटलं.

"काका, घाई करा. अजून एक पार्टी मागे लागलीय. त्यांनाही दोन्ही हवीत."

"दोन्ही? एका माणसाला दोन घरं कशाला?"

"तुम्हाला कशाला हवीत?"

मी नळ सोडून पाणी बघायला लागलो.

"कोण आहे रे ती पार्टी?"

"काका, डॉक्टर आणि ब्रोकर नाव सांगत नसतात. मालकीण चंपाबेन लग्नाला गावी गेल्यात. रविवारी येऊन त्याच ठरवतील."

रविवारपर्यंत त्या हावरट पार्टीचा काटा काढायला हवा होता. मी मागच्या झाडांकडे पाहिलं. आणि मंडळी, मला बिबट्या सुचला!

दुसऱ्या दिवशी बागेत हास्यक्लब संपल्यावर मी द्रौपदीबाईंना बाजूला घेतलं. द्रौपदीबाईंना गोष्ट सांगणं म्हणजे देवळाच्या लाउडस्पीकरसमोर शिंकणं!

"कुणाला सांगू नका हं," मी कुजबुजलो. "काल संध्याकाळी वनश्रीच्या मागच्या भिंतीवर बसला होता. शेपूट खाली सोडून. मला आधी वाटलं, कुणीतरी साडीचा काठ वाळत घातलाय. धरून ओढणार होतो!"

"अगो बाई! मग?"

"मग त्याने जांभई दिली."

एवढंच. जास्त मीठ घातलं की थाप नासते, हा माझा अनुभव.

संध्याकाळी मासळीवाली मला सांगत होती, "वनश्रीत बिबट्या आलाय काका, दोन पिल्लं घेऊन!"

मी चरकलो. बिबट्या माझा होता, पण पिल्लं कुणाची?

पुढे मग बिबट्याने माझं ऐकायचंच सोडलं. तो म्हणे पार्किंगमध्ये स्कूटरच्या सीटवर बसला. सीट फाटली तर ती पूर्वीच फाटलेली होती असं मालक सांगेना. दूधवाला पिशव्या गेटवरूनच आत भिरकावू लागला. व्हॉट्सॲपवर कुठल्यातरी भलत्याच राज्यातल्या बिबट्याचा फोटो आला, खाली 'आपला वनश्रीवाला' असं लिहून. शनिवारी मी स्वतः त्या गल्लीतून जाताना रस्त्याच्या मधोमध चालत होतो. न जाणो!

राजेशचा फोन आला. "काका, वाट लागली! सगळ्या पार्ट्या पळाल्या. फक्त तुम्ही उरलात, आणि ती दोन घरंवाली पार्टी."

"बिबट्यालाही भीत नाही? माणूस आहे की गेंडा?"

रविवारी वनश्रीतच वरच्या मजल्यावर जाऊन चंपाबेनच्या दाराची बेल वाजवली. दार उघडलं. समोर सोफ्यावर, मांडीवर खाखऱ्याची बशी घेऊन, गेंडा बसला होता.

लवू!

"तू?" तो ओरडला. "दोन घरां तुका कित्याक?"

"एक तुला!"

"अरे मेल्या! मी पण एक तुकाच घेत होतंय!"

चंपाबेन एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या. "अरे, तुम्ही ओळखता एकमेकांना?"

"तीस वर्षं," मी म्हटलं.

"मग बोलत का नाही?"

 मी विषय बदलायला म्हणून बिबट्याचा खुलासा करायला गेलो, तर लवू गदगदून हसायलाच लागला.

"वाघ तुझो काय? माका वाटलाच! ता शेपटेचा ऐकलंय, तेव्हाच ओळखलंय, ही तुझी सवयीची थाप. पण मी म्हटलंय, वाघ एकटो असलो तर लोक दोन दिवसांत इसारतत. म्हणान मी पिल्लां घातलंय. वाघ तुझो, पिल्लां माझी!"

आम्ही एकमेकांना मिठी मारली. खाखऱ्याचा चुरा झाला. चंपाबेनने दोन्ही किल्ल्या दिल्या, आणि आम्ही दोघे म्हातारे लढाई जिंकून आल्यासारखे घरी निघालो.

कुंदाला सांगितलं तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने लगेच भिंतीवर वाटी आपटली. शेवंती ओले हात पदराला पुसत धावत आली.

"शेवंती, घर मिळालं गं! शेजारी शेजारी! वनश्रीत!"

शेवंतीचा चेहरा पांढराफटक पडला.

"वनश्रीत? थंय वाघीण व्यालीहा!"

"वहिनी, काही नाही तिथे," मी म्हटलं. "बिबट्या मीच सोडला."

"आणि पिल्लां माझी," लवू म्हणाला.

"भावोजी, माझ्या माहेराक वाघान गोठ्यातसून वासरू नेल्यान. माझ्या डोळ्यांदेखत! मी थंय पाय ठेवचंय नाय. मी निधीकडे जातंय, मुलुंडाक."

"अगं कुंदा, तू तरी सांग तिला! थाप होती ती!"

कुंदाने माझ्याकडे असं पाहिलं, की मला रजेसाठी दोनदा जाळलेले आजोबा आठवले. "आता किल्ली हातात आली म्हणून बिबट्या नाही म्हणता होय? तुमच्यावर विश्वास ठेवून कुणाचा जीव धोक्यात घालू मी?"

हे बघा, आयुष्यभर थापा मारल्या, लोकांनी डोळे मिटून गिळल्या. आणि आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो, तर घरच्या घरात कुणी ऐकेना! मी द्रौपदीबाईंना साक्षीला आणायला गेलो. म्हटलं, बाई, ती गोष्ट मी तुम्हाला सांगितली, ती खोटी होती.

"खोटी कशी?" त्या फणकारल्या. "तुम्ही एकदा पाहिलात. मी तीनदा पाहिलाय!"

वनखात्याचा माणूस येऊन सगळी मागची जागा बघून गेला. म्हणाला, एकही ठसा नाही. तर लोक म्हणाले, "ठसा न उमटवता चालतो, म्हणजे बिबट्या चांगला मुरलेला असणार!"

मी हरलो. लवूने शेवंतीसाठी मुलुंडचा टेम्पो ठरवला. वनश्रीतलं दुसरं घर चंपाबेनला परत करायचं ठरलं.

कुंदा मला एका शब्दानेही बोलली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. दोघी भिंतीच्या दोन बाजूंना भांडी बांधत बसायच्या. मध्येच एकीकडचा आवाज थांबला, की दुसरीकडचाही थांबायचा.  मी मधल्या खोलीत पेपर धरून बसायचो. उलटा होता, हे मला लवूने सांगितलं. तोही काही न सुचून आमच्याकडेच येऊन बसलेला असायचा.

"मधू, एक थाप मार ना रे," तो म्हणाला. "काय तरी अशी मार, की ती येतली."

"नाही रे सुचत," मी म्हटलं. आणि खरंच नव्हती सुचत.

निघायच्या दिवशी कुंदाने शेवंतीच्या हातात मेतकुटाची बरणी दिली. "मुलुंडला काय मिळतं कोण जाणे," म्हणाली. जसं काही ती बाई परदेशातच चालली होती! शेवंतीने ती पदराखाली धरली. टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी बसली आणि सरळ समोर बघत राहिली.

आमचं सामान वनश्रीत उतरलं. कुंदा मागच्या अंगणात खिडकीशी कपड्यांची दोरी बांधत होती. गुडघ्यामुळे तिला स्टुलावर चढता येत नव्हतं, आणि अबोल्यामुळे ती मला सांगत नव्हती. टाचा उंचावून ती पुन्हा पुन्हा खिळ्यापर्यंत हात नेत होती.

तेवढ्यात गेटशी एक टेम्पो करकचून थांबला. मुलुंडचा!

आतून शेवंती उतरली. हातात लाटणं. मागची झुडपं, भिंत, झाडं, सगळीकडे नजर टाकत, लाटणं पुढे धरून, ती एकेक पाऊल टाकत आमच्या खिडकीपर्यंत आली.  कुंदाच्या हातातून तिने दोरी ओढून घेतली आणि खिळ्याला बांधून टाकली.

"शेवंती! तू मुलुंडला चालली होतीस ना गं?"

"गेलंय असतंय. हायवेपर्यंत पोचलंय." शेवंतीने धाप टाकली. "मग माझ्या मनात इला, हय वाघ. आणि तुका धावूक येणा नाय. तुझो घोव बोंबलण्यापलीकडे काय करतलो? तुका एकटीक कशी सोडू गो?"

मग ती टेम्पोकडे वळून ओरडली, "सामान उतरवा रे!"

टेम्पोच्या पलीकडे लवू उभा होता. तोंड फिरवून टायर बघत होता. टायरमध्ये बघण्यासारखं काही नव्हतं.

तर मंडळी, आता आम्ही शेजारी आहोत. बिबट्या नाही, हे त्या दोघींना अजूनही पटलेलं नाही. मी पटवायचं सोडून दिलं आहे. त्यांच्या हुकमावरून लवू आणि मी रोज दिवेलागणीला मागच्या अंगणात थाळ्या बडवतो. स्वतःच सोडलेला बिबट्या स्वतःच हाकलायचा, असं काम त्रिभुवनात दुसऱ्या कुणाच्या नशिबी आलं नसेल!

परवा असेच बडवत होतो. दोघी ओट्यावर मटार सोलत बसल्या होत्या. आणि भिंतीजवळच्या झुडपात काहीतरी खसफसलं.

पुढचं मला नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मी आणि लवू आमच्या घरात होतो, दाराला कडी होती, कडीवर लवू होता आणि लवूवर मी!

"मधू," लवू धापा टाकत म्हणाला, "बायलो भायर रवल्या!"

थोड्या वेळाने दारावर टकटक झाली. कुंदाचा आवाज आला, हसू दाबलेला. "अहो, या बाहेर. चंपाबेनची मांजर होती. शेवंतीने तिला लाटण्याने हाकललं."

आम्ही लगेच नाही गेलो बाहेर. म्हटलं, न जाणो, या दोघी थाप मारत असतील!