समुद्रकाकडीचं श्रेय

आळस करायलाही डोकं लागतं मंडळी, आणि ते माझ्याकडे भरपूर आहे!

आमच्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची टाकी आहे. जिवंत प्रवाळं, दोन नारिंगी मासे, तळाला वाळू. हौस माझी आणि घासायची मात्र बायकोने! शेवटी तिने हात टेकले.

"यापुढे टाकी तुम्ही स्वच्छ ठेवा. नाहीतर खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना देऊन टाकते. ते कधीचे मागतायत."

हे मासे नखाएवढे होते तेव्हापासून मी वाढवलेत हो! तडक मत्स्यालयवाल्याकडे गेलो.

"साहेब, घासताय कशाला? घाण खाणारे प्राणीच सोडा की!"

मी काचेवरचं शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी, उरलंसुरलं वेचणारे शंखातले खेकडे आणि वाळू गिळून तिच्यातली घाण पचवणारी एक समुद्रकाकडी घेऊन आलो. आमच्याकडे राहायला आलेले सासरे बराच वेळ काकडीकडे बघत राहिले.

"जावईबापू, ही काम कधी करते? नुसती लोळत तर असते."

"बाबा, ती कामाचा गाजावाजा करत नाही!"

आणि खरंच, रोज सकाळी काच लख्ख, वाळू शुभ्र! मी आरामात उठायचो, दात घासायचो, नवी टूथपेस्ट जरा खारट आहे अशी कुरकुर करायचो आणि चहा घेऊन टाकीसमोर बसायचो. खूश होऊन आणखी चार खेकडे आणले. मग तर डॉक्टरांनाच चहाला बोलावलं. म्हटलं, एकदा डोळे भरून बघू दे आणि आशा सोडू दे.

झाकण काढून मी काकडीचे गुण गात होतो, तेवढ्यात एक खेकडा पंपाची वायर धरून बाहेर आला आणि थेट बिस्किटांच्या बशीत पडला! डॉक्टर बुटांसकट सोफ्यावर चढले.

"अहो, हा बिस्किट खातोय!" बायको ओरडली. मागून दुसराही वायर चढायला लागला.

मी मत्स्यालयवाल्याला फोन लावला.

"उपाशी असतील हो! टाकीत घाणच उरत नसेल. कोणी आधीच साफ करतंय का?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी काकडीकडे बघितलं. सासरे खाकरले.

"मी पहाटे उठतो. इथे मला करायला काहीच नसतं. ही तुमची जनावरं रोज घाण करून ठेवतात, म्हणून घासून काढतो. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

"कशाने घासता, बाबा?"

"न्हाणीघरात तो निळा ब्रश पडलेला असतो ना, त्याने."

निळा ब्रश माझा!

"तरीच हिरड्या छान दिसतायत," डॉक्टर सोफ्यावरूनच म्हणाले. "मिठाचं पाणी चांगलं असतं. टाकी मात्र मला नको बुवा!"

टाकी वाचली. बायकोही विरघळली, कारण इथे आल्यापासून बाबांना एवढं खुशीत तिने बघितलं नव्हतं. त्यांचं काम बंद करायचं नाही, असं तिने मला बजावलंय. त्यामुळे आता पहाटे बाबा टाकी घासतात आणि कामगार उपाशी मरू नयेत म्हणून त्यांच्या मागोमाग उठून मी खाणं कुस्करून ती पुन्हा घाण करतो.

घरात आरामात लोळणारी आता ती काकडी तेवढी उरलीय!