‘वहिनी, दार उघडा’चा बॅकअप

घरच्या कॉम्प्युटरसाठी भरवशाचं बॅकअप सॉफ्टवेअर कसं निवडावं, या विषयात अख्ख्या सिंदेवाहीत माझ्याएवढा अभ्यास कुणाचा नाही. हे मी छातीठोकपणे सांगतो! अभ्यासानंतर काय झालं, ते जरा हळू आवाजात सांगेन.

मी पत्रू. सगळी नोकरी वनविभागाच्या लाकूड डेपोत झाली, सागाच्या ओंडक्यांवर नंबर टाकण्यात. पण मूळचा मी नाटककार. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळी झाली की गावोगाव नाटकं लागतात. त्यात आपलंही एक लागावं, ही माझी जन्माची हौस. मागचं नाटक मी वहीत लिहिलं होतं. नाटक कंपनीचा मालक वाचायला येईपर्यंत त्याचे दोन अंक उधईनं, वाळवीनं हो, फस्त केले. उर्वशी, म्हणजे आमची सौभाग्यवती, म्हणाली, “कोनी तरी तं आवडीनं घेतलं.”

म्हणून या वेळी ‘वहिनी, दार उघडा’ थेट कॉम्प्युटरवर टाइप केलं. कागदाला हात लावला नाही. एक प्रवेश झाला की संध्याकाळी ओट्यावर बसून शेजाऱ्यांना दर वेळी पहिल्यापासून वाचून दाखवायचो. उर्वशी चहा करायची, त्यामुळे गर्दी बरी असायची. नायकाचं तिसऱ्या अंकातलं लांबलचक स्वगत हा तर नाटकाचा कळस. ते वाचताना माझेच डोळे इतके भरून यायचे की समोरचं काही दिसायचं नाही.

वडशाचे भैयाजी, नाटक कंपनीचे मालक, रविवारी वाचन ऐकायला येणार होते. पसंत पडलं तर या हंगामात नाटक उभं राहणार. नाही तर ते दुसऱ्या लेखकाकडे जाणार, आणि मी जन्मभर ओट्यावरचाच नाटककार राहणार.

कॉम्प्युटरला उधई लागत नाही, पण आमच्याकडच्या विजेचा भरवसा उधईहून कमी. तेव्हा बॅकअप हवाच. मी अभ्यासाला लागलो. एक सॉफ्टवेअर फुकट होतं, म्हणून संशय आला. दुसरं म्हणालं, सगळं इंटरनेटवर ठेवतो. आमच्याकडे आभाळ भरून आलं की इंटरनेट जातं. तिसऱ्याच्या जाहिरातीतलं कुलूप सगळ्यांत मोठं होतं. शिवाय खाली लिहिलं होतं, ‘दोन्ही जागा तंतोतंत सारख्या ठेवू.’ तेच घेतलं.

“धम्मदीपले विचारून तं घ्या,” उर्वशी म्हणाली. धम्मदीपचं बसस्टँडजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे.

“त्याले काऊन विचारू? मी अभ्यास करून राह्यलो ना.”

बॅकअपसाठी नवी कोरी डिस्क आणली. उर्वशीनं तिला हळदीकुंकू लावलं. पडद्यावर दोन चौकोन आले, पहिला आणि दुसरा, मध्ये एक बाण. कुणाला कुठे बसवायचं? आमच्याकडे पाहुणा आला की आधी त्याचा पाट मांडतात, घरचे मागून बसतात. डिस्क आजच आलेली. तिला पहिल्या चौकोनात बसवलं आणि घरच्या नाटकाच्या फोल्डरला दुसऱ्या. ‘दुसरी जागा पहिलीसारखी करू का?’ मी हो म्हटलं. ‘नक्की?’ नक्की. त्यानं पुन्हा विचारलं तेव्हा मला रागच आला. इतका संशय बायकोनंही कधी घेतला नव्हता.

काम झटक्यात झालं. पाहुणी रिकामी होती, म्हणून माझा फोल्डरही रिकामा झाला. तंतोतंत!

घाईघाईनं, गेलेलं परत आणून देणारी आणखी दोन-चार सॉफ्टवेअरं मी त्याच कॉम्प्युटरवर भरली. मग मुकाट्यानं धम्मदीपला बोलावलं.

“पत्रूभाऊ,” तो कॉम्प्युटर तपासून म्हणाला, “जिथी धन पुरलं, तिथीच तुमी विहीर खंदली. मागून भरलेलं नाटकावरच जाऊन बसलं. आता नाई भेटत.”

“म्हंजे ते कुलूपवालं सॉफ्टवेअर भरवशाचं नोहोतं?”

“लय भरवशाचं हाये. तुमी सांगतलं तेच केलं त्यानं.”

रविवारपर्यंत मी अंगावर चादर घेऊन पडून होतो. ताप आल्याचं सांगायचं ठरवलं होतं. भैयाजी आले, ओट्यावर टेकले, आणि मी कण्हायला तोंड उघडणार तोच उर्वशी पुढे झाली.

“वाचन नाई जी भैयाजी. आमी करूनच दाखवतो.”

शेजारची आशाबाई पदर खोचून वहिनी झाली. पलीकडचे लटारूभाऊ खलनायक झाले. बाकीचे सगळे उर्वशी एकटी. पहिल्या वाक्यापासून सुरू झाले ते शब्दाला शब्द! मी वाचताना जिथे खोकायचो, तिथे लटारूभाऊ खोकत होते. मी चादरीतून उठून बसलो. खरं सांगतो, मला रडू आलं. माझं नाटक या माणसांनी इतकं जपून ठेवलं होतं, आणि मी कुलपाची चित्रं बघत बसलो होतो.

तिसरा अंक आला. नायकाचं स्वगत आलं, आणि तिघंही थांबले.

“इथी काय होतं जी?” आशाबाईनं लटारूभाऊंना विचारलं.

“मले काय मालूम? त्या टायमाले आपन चहा घ्याले आत जात होतो.”

मी उर्वशीकडे पाहिलं. ती म्हणाली, “अन् मी त्याहिले चहा देत होती.”

मी ताडकन उभा राहिलो. लेखक जिवंत असताना कसली काळजी? हात वर केला, डोळे भरून आणले आणि सुरुवात केली, “हे अरण्या...”

पुढचं मलाही आठवेना.

“राहू द्या, राहू द्या,” भैयाजी म्हणाले. “नाटक पसंत हाये. तिथी गाना टाकू.”

नाटक लागलं. जोरात चाललंय. त्या गाण्याला गावोगाव वन्समोअर मिळतो. सगळ्या नाटकात तेवढीच जागा माझी नाही.